क्लॉपला परत आणायचं का? ठाणे-नवी मुंबईतल्या लिव्हरपूलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे लिहायला घेतलं नोव्हेंबर २०२५ मध्ये. नवीन लोकांसाठी: लिव्हरपूल हा आपला इंग्लंडमधला फुटबॉल क्लब, युर्गन क्लॉप त्याचा २०२४ पर्यंतचा मॅनेजर, आणि त्याच्या जागी आला तो आर्ने स्लॉट. लीगमधल्या पहिल्या १२ मॅचेसपैकी आपण ६ हरलो होतो, २२ तारखेला नॉटिंगहॅम फॉरेस्टनं अ‍ॅनफिल्डवर येऊन ३-० मारलं आणि चारच दिवसांनी चॅम्पियन्स लीगमध्ये पीएसव्हीनं तिथेच ४-१. ती पीएसव्हीची मॅच आपल्याकडे रात्री दीडला होती, संपेस्तोवर साडेतीन वाजले, आणि सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडली तर ऐरोली यायच्या आत तीन जणांनी तेच विचारलं: क्लॉप परत येईल का गं? तेव्हापासून स्क्रीनिंगला, घणसोलीच्या टर्फवर, तलावपाळीला चहा पिताना, सगळीकडे तेच प्रश्न फिरतायत. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

तो येऊ तरी शकतो का? की नुसतीच आपली इच्छा?

दार पूर्ण बंद नाहीये. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका पॉडकास्टवर त्याला हे थेट विचारलं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुठल्या टीमला मी कोच करणार नाही असं मी म्हटलंय, म्हणजे झालंच तर लिव्हरपूलच, तत्त्वतः शक्य आहे. आपल्या लोकांनी त्यातलं 'शक्य आहे' एवढंच कापून स्टेटसला ठेवलं. २०२५ च्या जानेवारीपासून तो रेड बुलकडे आहे, त्यांच्या सगळ्या क्लब्सच्या फुटबॉलवर वरून लक्ष ठेवायचं काम, रोज सकाळी ट्रेनिंग ग्राउंडवर उभं राहायचं नाही. हे काम त्यानं मुद्दाम निवडलंय हे विसरू नका.

मग तुझं मत काय, हो की नाही? फिरवून सांगू नकोस.

नाही. आत्ता नाही, आणि टीम हरतेय म्हणून तर अजिबात नाही.

तुला क्लॉप आवडत नाही का?

हा प्रश्न वाचून खरंच वाईट वाटतं. ७ मे २०१९, म्हणजे आपल्याकडे ८ तारीख लागली होती, रात्री साडेबाराची बार्सिलोनाविरुद्धची सेमी फायनल. पहिल्या लेगमध्ये ०-३ हरून आलेलो, सालाह नाही, फिर्मिनो नाही. आमचं कळव्याचं घर वन रूम किचन, बाबा आतल्या बाजूला झोपलेले, त्यांची फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे टीव्ही म्यूटवर. सातव्या मिनिटाला ओरिगी, मग हाफटाइमनंतर वाइनाल्डमचे दोन मिनिटांत दोन, मी उशी तोंडात धरून बसलेले. आणि ७९ व्या मिनिटाला ट्रेंट कॉर्नरपासून चार पावलं लांब गेला, मला वाटलं दुसरा कोणी घेणार, तेवढ्यात वळला आणि मारला, बार्सिलोनावाले अजून पाठ करून उभे, ओरिगीनं घातला. आवाज निघालाच माझ्या तोंडून. बाबा उठून आले, फुटबॉलचं त्यांना काही कळत नाही, ते आपले कबड्डीवाले, डोळे चोळत स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तो चष्मेवाला हसतोय, म्हणजे तुमचे जिंकले ना?" मग शेवटची दहा मिनिटं आम्ही दोघांनी एकत्र बघितली आणि ते न झोपता तसेच ड्यूटीवर गेले.

तेव्हापासून आमच्या घरात क्लॉपचं नाव चष्मेवाला. त्याच जूनमध्ये माद्रिदला टॉटेनहॅमला २-० हरवून चॅम्पियन्स लीग, पुढच्या सीझनला ९९ पॉइंट्स आणि ३० वर्षांनी लीग, तीही लॉकडाऊनमध्ये, ट्रॉफी उचलली तेव्हा स्टँड रिकामा. २०२२ ला एफए कप आणि लीग कप, २०२४ ला जाता जाता परत लीग कप, ज्यात निम्मी पोरं अ‍ॅकॅडमीची होती. त्या माणसानं आमच्या पिढीला हा क्लब दिला. म्हणूनच म्हणते की त्याला असं ओढून आणू नका.

पण त्याला कोणी काढलं नव्हतं ना? मग गेला का?

नव्हतं काढलं. २६ जानेवारी २०२४, आपल्याकडे सुट्टी, दुपारी चारच्या सुमाराला व्हिडिओ आला. त्याचं म्हणणं सरळ होतं की माझ्यातली ताकद संपत चाललीये. तेव्हा टीम लीगमध्ये टॉपला होती, म्हणजे पळ काढणारा माणूस ज्या वेळी जातो ती ही वेळ नव्हती. जवळजवळ नऊ वर्षं, ऑक्टोबर २०१५ पासून, दर तीन दिवसांनी मॅच, मॅचच्या आधी प्रेस, मॅचनंतर प्रेस, आणि टचलाइनवर तो जसा असायचा ते सगळ्यांनी बघितलंय. मी त्या दिवशी रडत होते तेव्हा बाबा म्हणाले, माणूस दमलो म्हणतोय तर दमू दे की त्याला. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

दीड-दोन वर्षं आराम झाला की! आता फ्रेश असेल.

इथे मला केनी डॅलग्लिशबद्दल सांगायचंय, कारण आपल्यातल्या बऱ्याच लहान पोरांना ही गोष्ट अर्धीच माहीत असते आणि ती आपल्याच घरातली आहे.

डॅलग्लिश १९८५ मध्ये खेळता खेळता मॅनेजर झाला, पहिल्याच सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही, मग १९८८ आणि १९९० ला परत लीग. मधे १९८९ ला हिल्सबरो झालं, त्या स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत आपले चाहते गेले. क्लबचा मॅनेजर म्हणून तो कितीतरी अंत्यविधींना गेला, घरच्यांना भेटला, आतून संपला. फेब्रुवारी १९९१ मध्ये एव्हर्टनबरोबर एफए कपची ४-४ अशी मॅच झाली आणि दोन दिवसांनी त्यानं राजीनामा दिला. तेव्हाही टीम लीगमध्ये वरच होती. म्हणजे बघा, दमून, स्वतःहून, वर असताना. क्लॉपसारखंच.

मग वीस वर्षं लोक त्याचं नाव घेत राहिले. जानेवारी २०११ मध्ये हॉजसनला काढलं आणि डॅलग्लिश परत आला. मला तो पहिला महिना आठवतो, शाळेत होते, दहावी जवळ आलेली, आणि सगळ्यांना वाटलं आता झालं. सुरुवात चांगली झालीच, ती कोणी नाकारू नये. पण पुढचा पूर्ण सीझन, २०११-१२, लीग कप जिंकला तो कार्डिफविरुद्ध पेनल्टीजवर, एफए कपची फायनल चेल्सीकडून २-१ हरलो आणि लीगमध्ये आठवे. मे मध्ये त्याला काढलं. किंग केनीला सॅक केलं, ते पण आपल्याच क्लबनं, अशी बातमी वाचायची वेळ आली. आज अ‍ॅनफिल्डवर त्याच्या नावाचा स्टँड आहे, प्रेम तसूभर कमी नाही झालं, पण ते वर्ष त्याच्या वाट्याला यायला नको होतं असं मला आजही वाटतं.

आणि आराम हा मुद्दाच चुकतो असं माझं म्हणणं आहे. डॅलग्लिशची ताकद परत आली असेल, पण मधल्या वीस वर्षांत गेम पुढे गेला, मालक बदलले, खेळाडू कसे निवडायचे ते बदललं. माहेरपणाला चार दिवस येणं वेगळं आणि परत कायमचं राहायला येणं वेगळं, घर तेच असतं पण स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं.

अँचेलोटीचं काय? झिदान? तिकडे तर जमलं की.

जमलं, मान्य, आणि हा समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे म्हणून त्यात जरा शिरूया.

अँचेलोटीनं २०१४ ला रेआल माद्रिदला दहावी चॅम्पियन्स लीग मिळवून दिली, २०१५ ला त्याला काढलं, २०२१ ला परत आला आणि २०२२ आणि २०२४ ला परत चॅम्पियन्स लीग, २०२२ ची तर पॅरिसमध्ये आपल्यालाच १-० हरवून, कुर्त्वानं काय काय अडवलं ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. दोनदा लीग पण. यापेक्षा यशस्वी दुसरी इनिंग मोठ्या क्लबमध्ये मला तरी आठवत नाही. पण दोन गोष्टी बघा. तो मधल्या काळात कोचिंगच करत होता, बायर्न, नापोली, एव्हर्टन, म्हणजे हात सुटलेला नव्हता. आणि त्याच्या पहिल्या वेळचे मॉड्रिच, क्रूस, बेन्झेमा अजून तिथेच होते आणि जोडीला विनिशियस तयार होत होता.

झिदान पण रेआलचाच, पण त्याचं थोडं वेगळं. सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकून मे २०१८ ला गेला, मार्च २०१९ ला म्हणजे दहाच महिन्यांत परत. रोनाल्डो तोवर गेलेला. २०१९-२० ची लीग जिंकली, पण चॅम्पियन्स लीग परत नाही मिळाली आणि शेवटचा सीझन रिकाम्या हातानं गेला. पास की फेल, तुम्ही ठरवा, मी काठावर पास म्हणेन.

आता मिलान. कोणी बोलत नाही त्यांच्याबद्दल. साक्कीनं त्यांना १९८९ आणि १९९० ला युरोपियन कप दिला होता, मग कापेल्लोनं पाच वर्षांत चार वेळा इटलीची लीग आणि १९९४ च्या फायनलमध्ये बार्सिलोनाला ४-०. क्लब गडबडला तेव्हा १९९६-९७ च्या मधेच साक्कीला परत बोलावलं, अकरावे आले. मग पुढच्या सीझनला कापेल्लोला परत बोलावलं, दहावे. दोघंही इतिहासातले सगळ्यात मोठे कोच, क्लब तोच, आणि दोन सीझन लागोपाठ पाण्यात.

युव्हेंटसनं अलेग्रीला परत आणलं, आधी सलग पाच लीग जिंकलेला माणूस, दुसऱ्या वेळी तीन सीझनमध्ये फक्त २०२४ चा कोप्पा इटालिया, म्हणजे इटलीचा कप, आणि तो जिंकून दोन दिवसांत नोकरी गेली.

मोरिन्यो?

चेल्सीत २०१३ ला परत आला, २०१४-१५ ला लीग जिंकली. आणि त्याच लीग जिंकलेल्या टीमला घेऊन पुढच्या डिसेंबरपर्यंत १६ पैकी ९ मॅचेस हरला, टीम सोळाव्या नंबरवर, काढला. सात महिन्यांत.

लॅम्पार्ड?

२०२३ मध्ये सीझन संपेपर्यंत म्हणून चेल्सीनं परत आणलं. ११ मॅचेस, १ विजय. यावर अजून काही लिहायची गरज नाही.

तेच म्हणतोय ना, कायमचं नको, सहा महिन्यांपुरतं आणा. हाइंकेस आला होता की बायर्नला.

हाइंकेस आला, ऑक्टोबर २०१७ ला, वय ७२, रिटायरमेंटमधून उठून, त्यानं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली आणि ठरल्याप्रमाणे सीझन संपल्यावर गेला. सुंदर गोष्ट आहे, मला मनापासून आवडते. पण बायर्नचं काय असतं, तिथे लीग हरणं हीच बातमी असते, हाइंकेसला जहाज स्थिर धरायचं होतं आणि ते त्याला उत्तम येत होतं. शिवाय तो कुठे जाणार नव्हता, कोणाची वाट अडवून बसणार नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. क्लॉपला अ‍ॅनफिल्डवर सहा महिने आणलं तर सातव्या महिन्यात येणाऱ्या कोचनं काय करायचं? पहिली मॅच ड्रॉ झाली की पूर्ण स्टेडियम क्लॉपचं नाव घेणार.

बाबांचं सांगते, ते इथे लागू पडतं म्हणून. ते २०२४ लाच रिटायर झाले, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ३४ वर्षं. चार महिन्यांत कंपनीतून फोन आला की या परत, सहा महिने कॉन्ट्रॅक्टवर, पोरांना जमत नाहीये. गेले बिचारे, उत्साहानं डबा घेऊन. लाइन तीच, पण मधल्या काळात दोन मशिन्स बदललेल्या, पॅनलवर सगळं टचस्क्रीन, आणि पोरं प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करायला लागली, जी त्यांची त्यांना आधी येत होती ती पण. बाबांना सगळ्यात जास्त तेच लागलं. तिसऱ्या महिन्यात ते स्वतःच सुपरवायझरला म्हणाले, मी असेपर्यंत हे शिकणार नाहीत, मी जातो. घरी आले आणि डबा धुऊन वरच्या फळीवर ठेवला.

पण टीम अजून त्याचीच आहे ना? व्हॅन डाइक, सालाह, अ‍ॅलिसन...

हे लिहिताना तरी आहेत, पण मोजून बघा. माने, फिर्मिनो, हेंडरसन, फाबिन्यो तर तो असतानाच गेले. त्यानंतर ट्रेंट रेआलला, डियाझ बायर्नला, नुन्येझ सौदीत. राहिलेले ते राहिलेले, पण २०१९ ला सालाह आणि व्हॅन डाइक २७ च्या आसपास होते. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हिर्ट्झ, एकिटिके, इसाक असे नवीन आले, ते क्लॉपनं निवडलेले नाहीत आणि त्याच्या प्रेसिंगसाठी, म्हणजे धावून जाऊन बॉल हिसकावायच्या खेळासाठी, घेतलेले पण नाहीत.

आणि एक गोष्ट आपण कायम विसरतो, क्लॉप एकटा नव्हता. त्याचा उजवा हात पेप लायंडर्स, तो २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीत गार्डिओलाच्या बाजूला जाऊन बसला. वर्षानुवर्षं सोबत असलेला असिस्टंट झेल्को बुवाच २०१८ लाच गेला. माणूस परत येतो, त्याच्या आजूबाजूचं सगळं परत येत नाही.

शिवाय पद. क्लॉप मॅनेजर होता, स्लॉटला घेतलं ते हेड कोच म्हणून. खरेदी-विक्री रिचर्ड ह्यूज बघतो, त्याच्यावर मायकल एडवर्ड्स. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे परत आलेला खरा माणूस एडवर्ड्सच आहे, २०२२ ला सोडून गेला, २०२४ ला मालकांनी जास्त मोठं पद देऊन परत आणला. त्याच्यासाठी जागा नवीन तयार केली, जुनी खुर्ची पुसून दिली नाही. क्लॉपचा कधी विचार झालाच तर मला असं काहीतरी पटेल.

म्हणजे स्लॉट बरोबर आहे असं म्हणायचंय का?

स्लॉटवर टीका करा, मी पण करते. फॉरेस्टच्या मॅचमध्ये सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक वगैरे) पहिला गोल खाल्ला तेव्हा मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडले असेन. पण त्यानं पहिल्याच सीझनला लीग आणून दिली, एप्रिल २०२५ ला टॉटेनहॅमला ५-१ मारून, आणि या वेळी स्टेडियम भरलेलं होतं. त्यानंतर ३ जुलैला डिओगो जोटा गेला, भावासोबत, गाडीच्या अपघातात. त्या ड्रेसिंग रूममध्ये रोज सकाळी एक जागा रिकामी दिसत असणार आणि आपण बाहेर बसून विचारतोय की प्रेसिंग का ढिलं पडलं. कोच ठेवायचा की बदलायचा हा प्रश्न विचारा, पण तो स्लॉटच्या कामावर विचारा. त्यात क्लॉपचा फोटो मधे आणला की दोघांवर अन्याय होतो.

आपल्या भारतात असं कधी झालंय का?

झालंय, आणि चक्क बरं झालं. स्टीफन कॉन्स्टंटाइन २००२ ते २००५ भारताचा कोच होता, मग दहा वर्षांनी २०१५ ला परत आला. तेव्हा आपण फिफा रँकिंगमध्ये १७३ पर्यंत घसरलो होतो, २०१७ मध्ये ९६ वर आलो. २०१९ च्या एशियन कपमध्ये थायलंडला ४-१ हरवलं, छेत्रीचे दोन गोल, मग बहारीनकडून शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर हरलो, बाहेर पडलो, त्याच रात्री त्यानं राजीनामा दिला. लोक त्याच्या बोअरिंग खेळाला नावं ठेवायचे, पण त्यानं परत आल्यावर जुनी टीम जमवली नाही, भराभर नवीन पोरांना भारताकडून खेळवलं. म्हणून चाललं असं मला वाटतं.

मुंबई सिटीला डेझ बकिंगहॅम परत हवा होता तुला, तेव्हा काय झालं?

बरोबर पकडलंत. नेरुळच्या डी. वाय. पाटीलला २०१४ ला पुण्याला ५-० मारलं, आंद्रे मोरित्झची आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) पहिली हॅटट्रिक, तेव्हापासून मी मुंबई सिटी बघतेय. कोच लोबेरानं २०२०-२१ ला लीगची शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही दिली, तो गेला तेव्हा वाटलं आता कोण. त्याच्या जागी बकिंगहॅम आला आणि २०२२ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियातल्या त्या स्पर्धेत मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ ला २० मॅचेसमध्ये ४६ पॉइंट्स. नोव्हेंबर २०२३ ला तो सीझनच्या मधेच त्याच्या गावच्या ऑक्सफर्डला गेला आणि मी तेव्हा जे जे बोलले ते आता तुम्ही क्लॉपबद्दल बोलताय. त्याच्या जागी आलेल्या क्रॅटकीचं नाव पण ऐकलं नव्हतं कोणी. मे २०२४ ला त्यानं कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, भरलेल्या स्टेडियममध्ये मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला. तेव्हा मला पटलं.

स्क्रीनिंगला क्लॉपचा बॅनर लावायचा की नाही?

लावायचा. शँकली, पेस्ली आणि डॅलग्लिश या आपल्या जुन्या मॅनेजरांच्या बाजूला. स्लॉटला टोमणा मारायला म्हणून लावणार असाल तर नाही.

आणि समज, खरंच आला तर?

तर मी पहिल्या मॅचला जर्सी घालून पुढच्या रांगेत असेन आणि यातलं एक अक्षर कोणाला ऐकवणार नाही. मॅच रात्री दीडची असली तरी बाबांना उठवीन. चष्मेवाला आलाय आणि आपण झोपून राहिलो हे त्यांना सकाळी कळलेलं चालायचं नाही.